फोन घरात आहे की मुलाच्या हातात? सगळ्या वर्गाला पुरेल असा पाठ कसा बांधावा

मोबाईलवरून अभ्यास द्यायचा ठरलं की बहुतेक शाळांत सगळ्यात आधी व्हॉट्सअ‍ॅपचा गट निघतो. हे काम शेवटी करायचं असतं. गट आधी काढला की गटात जे आहेत तोच वर्ग वाटायला लागतो. मग उरलेली आठ-दहा मुलं दिवाळीपर्यंत मागे पडतात आणि ‘घरी लक्ष देत नाहीत’ हा शेरा त्यांच्याच नावावर चढतो. मराठवाड्यातल्या कुठल्याही जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवी ते आठवीच्या वर्गात चार प्रकारची मुलं सापडतात. कुणाला संध्याकाळी तासभर टच फोन मिळतो. कुणाच्या घरात टच फोन आहे, पण तो वडिलांबरोबर रानात असतो. कुणाकडे फक्त बटणाचा फोन आहे. आणि कुणाचा फोन दिवाळीच्या सुमारास आई-बापाबरोबर ऊसतोडीला जाणार आहे. पाठ एकच, पण तो या चारही घरांत पोचला पाहिजे. तो कसा पोचवायचा, ते खाली सांगितलं आहे.

पहिलं काम : खरी पाहणी

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून या कामाला पूर्ण आठवडा द्या. पाहणी घाईत उरकली तर पुढचं सगळं वाया जातं.

‘ज्यांच्या घरी मोबाईल आहे त्यांनी हात वर करा’ असं वर्गात कधीही विचारू नका. जवळजवळ सगळे हात वर जातात. चाळीस जणांसमोर ‘आमच्याकडे नाही’ म्हणायला अकरा वर्षांच्या पोराला लाज वाटते, हे एक कारण. आणि प्रश्नच चुकीचा आहे, हे दुसरं. फोन घरात असतो, मुलाच्या हातात नसतो. ‘असर २०२४’ची देशभरातल्या ग्रामीण भागातली पाहणी बघा. चौदा ते सोळा वयाच्या जवळपास ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. फोन वापरता येणारी ८२ टक्के होती. पण त्यांच्यापैकी आधीच्या आठवड्यात अभ्यासाशी संबंधित काही त्यावर केलेली ५७ टक्केच होती. ज्यांना फोन वापरता येतो त्यांच्यापैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे ३६ टक्के आणि मुली २७ टक्के. ही मोठी मुलं. सहावीतल्या मुलाच्या वाट्याला फोन याहून कमी येणार, असं धरूनच चाला.

पाहणी ऑनलाइन फॉर्मवर घ्या असाही सल्ला मिळतो. ज्याच्याकडे फोन नाही तो फॉर्म भरणार कशावर? वही घ्या, मधल्या सुट्टीत रोज सात-आठ मुलांना एकेकटं बोलवा आणि हे विचारा :

१. काल संध्याकाळी फोन तुझ्या हातात आला होता का? किती वाजता, किती वेळ?
२. फोन कुणाचा आहे? दिवसा तो कुठे असतो?
३. घरात आणखी कोण शिकतं? फोनवर आधी पाळी कुणाची?
४. मागच्या वेळी रिचार्ज संपला तेव्हा पुन्हा मारायला किती दिवस गेले?
५. रेंज घरात येते का? नाही तर कुठे जावं लागतं?
६. दिवाळीनंतर घरातलं कोण कुठे जाणार आहे? फोन कुणाबरोबर जाईल?

पहिल्या प्रश्नातला ‘काल’ हा शब्द सोडू नका. ‘फोन मिळतो का’ म्हटलं की मूल ‘हो सर’ म्हणून मोकळं होतं. काल काय झालं ते मात्र त्याला नेमकं आठवतं. एकच दिवस विचारून भागत नाही, कारण काल बाजार असेल, पाहुणे आले असतील. चार दिवसांनी तोच प्रश्न पुन्हा विचारा. दोन उत्तरं जुळली नाहीत तर कमी असलेलं धरा.

शाळेच्या नोंदीतले नंबर खरे समजू नका. त्यातले काही बंद असतात, काही शेजाऱ्याचे किंवा किराणा दुकानाचे असतात. प्रत्येक नंबरवर एकदा फोन लावून कोण उचलतं ते नंबरापुढे लिहा : वडील, चुलता, शेजारी, मुकादम (ऊसतोड टोळीचा प्रमुख). पुढे निरोप कसा द्यायचा हे त्यावरच ठरतं.

मुलींची उत्तरं वेगळी तपासा. भाऊ लहान असला तरी फोन आधी त्याच्याकडे जातो, आणि मुलगी हे आपणहून सांगत नाही. म्हणून तिसरा प्रश्न तिला बाईंनी विचारावा. याच कारणासाठी ‘ज्याच्याकडे फोन आहे त्याच्या घरी जाऊन बघा’ हा गटाचा उपाय मला मान्य नाही. संध्याकाळी मुलगी दुसऱ्याच्या घरी जाणार की नाही, हे तिच्या आईला न विचारता आपण कागदावर ठरवून टाकतो. आणि ती गेली नाही की अभ्यास बुडाल्याचा दोष तिलाच लागतो.

सहावा प्रश्न बीड जिल्ह्यात आणि बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात सगळ्यात महत्त्वाचा आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, मार्च-एप्रिलला परततात. काही मुलं आई-बापाबरोबर कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीवर जातात. काही हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ राहतात, पण फोन जातोच. जुलैतल्या यादीत टच फोनवाली दिसणारी मुलं डिसेंबरात बिनफोनची झालेली असतात. म्हणून यादी पेन्सिलीनेच लिहा आणि वर्षातून तीनदा नवी करा : जुलैत, दिवाळीच्या सुट्टीनंतर आणि जानेवारीच्या अखेरीस. सोयाबीन काढणी आणि कापूस वेचणी जोरात असते तेव्हा माणसं अंधार पडल्यावर आखाड्यावरून (शेतातल्या खोपटावरून) येतात. त्या दिवसांत संध्याकाळचा तासही धरू नका.

आता कौशल्याचं. ‘मोबाईल येतो का’ हा प्रश्नही निरुपयोगी. सरासरा रील्स सरकवणाऱ्या मुलाला वहीचा फोटो काढून पाठवता येईलच असं नाही. शाळेतला एक फोन घ्या आणि पाच कामं प्रत्यक्ष करून घ्या : दिलेला नंबर लावणं, वहीच्या पानाचा वाचता येईल असा फोटो काढणं, तो पाठवणं, पाठाचं नाव टाकून शोधणं आणि स्वतःचं नाव देवनागरीत लिहिणं. जमलं तिथे टिंब, अडलं तिथे फुली. मदत करू नका, फक्त बघा. एका मुलाला तीन मिनिटं पुरतात.

ही यादी भिंतीवर लावायची नाही, वर्गात वाचायची नाही. ‘बिनफोनवाले’ असं गटाचं नाव तर कधीच ठेवू नका.

दुसरं काम : पाठ आधी कागदावर

सगळीकडे उलटं करतात. आधी व्हिडिओ निवडतात आणि मग ज्यांना तो दिसत नाही त्यांच्यासाठी काहीतरी झेरॉक्स काढतात. त्या झेरॉक्सचा दर्जा तसाच उरलासुरला असतो. पाठ कागदावर पूर्ण उभा राहिला पाहिजे. आवाजाची फाइल त्याला जोड, व्हिडिओ त्याहून वरची जोड.

क्षेत्रफळाचा पाठ घ्या. एका पानावर एक काम : दोरी घेऊन अंगण मोजा, लांबी-रुंदी फुटांत लिहा, चौकोन काढा, क्षेत्रफळ काढा. मग गुंठ्याशी ताडून बघा. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एकर. रान किती गुंठे हे घरात कुणालातरी ठाऊक असतंच, त्यामुळे शाळा न शिकलेली आजीसुद्धा यात मदत करू शकते. हे काम पूर्ण करायला फोन लागत नाही. ज्याच्याकडे आहे त्याने व्हिडिओ जरूर बघावा, पण व्हिडिओ बघितल्याशिवाय सुटणार नाही असा एकही प्रश्न पानावर ठेवू नका.

तिसरं काम : आवाजाची फाइल

बटणाच्या फोनवाल्यांसाठी याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही, आणि बिघडतंही इथेच. व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून पाठवलेला आवाज किंवा टच फोनच्या रेकॉर्डरची फाइल बऱ्याच बटणाच्या फोनांत वाजत नाही. त्यांना एमपी-थ्री लागतं. संगणकावर ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर घ्या, त्यात फाइल उघडा आणि ‘मोनो’ व ‘३२ केबीपीएस’ निवडून एमपी-थ्री काढा. बोलण्याला एवढा दर्जा भरपूर झाला. मिनिटाला साधारण २४० केबी, म्हणजे चार मिनिटांची फाइल एक एमबीच्या आत बसते. तीच १२८ ला ठेवली तर चौपट होते आणि ऐकताना फारसा फरक पडत नाही.

फाइल चार मिनिटांहून मोठी करू नका. साध्या फोनवर मध्येच कॉल आला की बऱ्याचदा ती पुन्हा पहिल्यापासून लागते, आणि तिसऱ्यांदा पहिल्यापासून ऐकायला कोणतंच मूल बसत नाही. नाव देवनागरीत दिलं तर काही साध्या फोनांवर नुसते चौकोन दिसतात. म्हणून इंग्रजी आकडे द्या, तेही आधी शून्य लावून : शून्य-एक, शून्य-दोन. नुसतं एक-दोन लिहिलं तर पुष्कळ फोनांत एकनंतर थेट दहावी फाइल वाजते. तोच आकडा कागदाच्या कोपऱ्यात मोठा लिहा.

बोलताना ‘हे चित्र बघा’ म्हणून चालत नाही. ‘पानावर वरून दुसरं चित्र, उभा चौकोन’ असं सांगा. काम करायचं असेल तिथे स्पष्ट म्हणा, ‘इथं बंद करा, मोजून या, मग पुढं लावा.’ पंखा बंद ठेवा, फोन तोंडापासून वीतभर आणि जरा बाजूला धरा. बोली वर्गातलीच असू द्या. तांड्यावरच्या मुलांसाठी अवघड शब्द गोरमाटीत (बंजारा बोलीत) सांगणारं एखादं मोठं मूल मिळालं तर त्याच्याकडूनच ते वाक्य बोलून घ्या.

फाइली मेमरी कार्डात भरून द्याव्या लागतात. आठवडी बाजाराचा दिवस त्याला चांगला, कारण आखाड्यावरची, वस्तीवरची माणसं त्या दिवशी गावात येतात. कार्ड रीडर लावा, ‘शाळा’साठी इंग्रजी अक्षरांत नाव दिलेला एक फोल्डर करा आणि त्यातच टाका. कार्ड फॉरमॅट करायचं नाही. संगणकाने तसं विचारलं तरी नाही म्हणा. त्यावर बापाची भजनं असतात, लग्नातले फोटो असतात. ते पुसले गेले तर ते घर पुन्हा कार्ड देणार नाही.

चौथं काम : टच फोनवाल्यांचा गट

आता गट काढा. निरोप फक्त अ‍ॅडमिन पाठवेल अशी सेटिंग ठेवा, नाहीतर ‘ओके सर’च्या ढिगात अभ्यास सापडत नाही. पालकांच्या फोनवर मीडिया ऑटो-डाउनलोड बंद करून द्या. जागा भरली की घरचे सगळ्यात आधी शाळेचा गट सोडतात. दीक्षा या सरकारी शैक्षणिक अ‍ॅपवरचे व्हिडिओ शाळेत रेंज असताना डाउनलोड करून ठेवा, मग ते वर्गात नेटशिवाय चालतात. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड घरी स्कॅन करायला सांगून मोकळं होऊ नका. त्यालाही नेट लागतंच.

गुगल फॉर्मवर चाचणी घ्यायची असेल तर ‘एकदाच उत्तर’ ही मर्यादा काढा. ती असली की एका खात्यावरून एकदाच फॉर्म जातो आणि एकाच फोनवर अभ्यास करणाऱ्या दोन भावंडांपैकी दुसऱ्याचा अडतो. उत्तरं पर्यायांची ठेवा. लिहून द्यायचं उत्तर एक मूल देवनागरीत, दुसरं इंग्रजी अक्षरांत देतं आणि तुम्ही भरलेल्या उत्तराशी जे हुबेहूब जुळत नाही ते फॉर्म चूक ठरवतो. नावाबरोबर हजेरी क्रमांक मागा, कारण गटात मुलांची नावं नसतात, बापांची असतात.

मुदत तीन दिवसांची द्या, त्यात एक रविवार येऊ द्या. ‘आज रात्री आठपर्यंत’ ही मुदत अभ्यास मोजत नाही, फोन कुणाच्या खिशात आहे ते मोजते. गुण वहीतल्या उत्तराला द्या. सुबक पीडीएफला एकही जादा गुण नको.

पाचवं काम : शाळेतला संगणक

एका संगणकावर तीन मुलं, दहा-दहा मिनिटांची पाळी. नियम एकच : ज्याला येतं त्याने हात पाठीमागे बांधायचे आणि तोंडाने सांगायचं. हा नियम नसला की माऊस पहिल्या मिनिटाला एकाच्या हातात जातो आणि तासभर तिथेच राहतो. यादीत ज्यांच्यापुढे फुल्या जास्त, त्यांची पाळी आधी, लाइट असेपर्यंत. ‘नंतर तुझी’ म्हटलेल्या मुलाच्या पाळीलाच लाइट जाते.

ऊसतोडीला गेलेल्यांसाठी

निघण्याआधी हातात पानांचा गठ्ठा द्या. आठवड्याला दोन पानं, वीस आठवड्यांची चाळीस. सोबत फाइली भरलेलं कार्ड. आई, बाप किंवा मुकादम यांपैकी दोन चालू नंबर लिहून घ्या. साध्या कॉन्फरन्स कॉलवर तुमच्याशिवाय पाच जण जोडता येतात, तेवढ्यांचाच एक गट करा. माणसं पहाटेच उसाच्या फडात जातात, तेव्हा रात्री उशिरा फोन करू नका, वेळ आईला विचारून ठरवा. दहा मिनिटांच्या बोलण्यात नवीन शिकवायला जाऊ नका. कितवं पान झालं आणि कुठे अडलं, एवढंच विचारा.

मूल परत आलं की पहिल्या आठवड्यात त्याची चाचणी घेऊ नका. गठ्ठा मागा, पानं चाळा आणि जे पान अर्धवट सुटलंय तिथून त्याला वर्गात घ्या.