काब द राम, काकोळे, आगोंद: खडपांवर जायचं तर आधी सुकती बघा

दर डिसेंबरात पुण्या-मुंबईचे नातेवाईक विचारतात की गर्दी नसलेला किनारा सांग, आणि मी दक्षिण गोव्यातल्या काणकोणकडे बोट दाखवतो. बेतुल सोडलं की रस्ता पठारावर चढतो, काजू, करवंदाच्या जाळ्या आणि जांभा दगड, आणि मग एकदम खाली समुद्र. काब द रामचा किल्ला बहुतेकांना माहीत असतो, 1955 पर्यंत तिथे तुरुंग होता आणि आतलं पांढरं चर्च अजून उभं आहे. तिथे एक तास पुरे. मला सांगायचंय ते किल्ल्याच्या खाली आणि पुढे आगोंदपर्यंत जो खडपांचा (म्हणजे खडकांचा) किनारा आहे त्याबद्दल, कारण तिथे लोक घड्याळ बघून जातात आणि अडकतात.

आम्हीपण अडकलेलो. मी आणि माझा मावसभाऊ दुपारी एका टोकाला खडपांवरून वळसा घालून पलीकडच्या छोट्या वाळूवर गेलो, जाताना पाणी घोट्याएवढं, आरामात बसलो, डबा खाल्ला, आणि परत यायला उठलो तर तीच वाट छातीएवढ्या पाण्यात आणि लाट दगडावर आपटतेय. शेवटी काटेरी झुडपांतून उभा डोंगर चढलो, हातपाय सोलून निघाले. वर एक पागी (मासेमार) काका जाळं सुकवत होते, ते एवढंच म्हणाले की बाबा, सुकती उलटायच्या आधी माणसाने परत फिरायचं असतं.

तर सुकती म्हणजे ओहोटी. भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे कालचा टाइम आज चालत नाही. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी दोनेक मीटर वरखाली होतं, भरती दुपारच्या सुमाराला आणि ओहोटी संध्याकाळी पाचच्या आसपास, म्हणजे परत येताना अंधार पडणार हे धरूनच चला. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सगळ्यात कमी भरती-ओहोटी, तेव्हा पाणी फारसं उतरतच नाही आणि टोकाची वाट उघडीच पडत नाही. मुरगाव बंदराचं टाइड टेबल नेटवर मिळतं, त्यात वेळेबरोबर मीटरचा आकडापण बघा कारण दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात. ओहोटीच्या दीड तास आधी उतरायचं, पाणी सगळ्यात खाली गेलं की परत निघायचं, एवढं पाळलंत तर बाकी चुका निभावतात.

खडपावर कालवं (एक प्रकारचे शिंपले) चिकटलेली दिसतील, जिथपर्यंत कालवं तिथपर्यंत पाणी येतंच, लाट त्याच्याही वर. कालवांची कड ब्लेडसारखी असते, चप्पल घालून गेलात तर पाय कापणारच, मागे पट्टा असलेली जाड रबरी सोलची सँडल घाला. कापलंच तर गोड्या पाण्याने वाळू पूर्ण काढून धुवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. हिरवं शेवाळ दिसलं तिथे पाय टाकूच नका, काळ्या ओल्या दगडावरपण नको.

आणि वर कड्याच्या काठावर सेल्फी नको, प्लीज. जांभ्याच्या खालची माती समुद्र आणि पाऊस खाऊन टाकतात, वरचा दगड नुसता पुढे लोंबत असतो, आणि वरून ते अजिबात कळत नाही.

काकोळेच्या किनाऱ्यावर उतरायला उभा उतार आहे, गुडघे दुखणाऱ्यांना नेऊ नका. बटरफ्लाय बीचला पाळोळें किंवा आगोंदहून होडी करा, लाइफ जॅकेट मागून घ्या आणि परतीचे पैसे परत आल्यावरच द्या. अशा ठिकाणी जीवरक्षक नसतो, म्हणून पोहणं गुडघाभर पाण्यापुरतं. जून ते सप्टेंबर खाली उतरूच नका, जून-जुलैत तर मासेमारीच्या होड्यापण फारशा समुद्रात नसतात की कोणी बघेल.

पेट्रोल मडगावला किंवा काणकोणच्या चावडीवर (तिथल्या बाजारपेठेत) भरा, माणशी दोन लिटर पाणी घ्या, मॅप आधीच डाउनलोड करा कारण खाली नेटवर्क जातं. किती वाजता परत येणार ते वर ज्यांच्या दारात गाडी लावाल त्यांना सांगून ठेवा, गावातली माणसं खरंच लक्ष ठेवतात. नोव्हेंबर ते मार्च आगोंद आणि गालजीबागला कासवं अंडी घालायला येतात, तेव्हा रात्री वाळूवर टॉर्च आणि शेकोटी नको, आणि बाटल्या जशा नेल्या तशा वर घेऊन या, खाली कचरा उचलायला कोणी येत नाही.