घाटात गाडी नीट वळावी म्हणून सस्पेन्शन बदलताय? आधी या चुका टाळा

माझ्दा एमएक्स-५ किंवा टोयोटा जीआर८६ आपल्याकडे अधिकृतपणे कधी आल्याच नाहीत, त्यामुळे पुण्या-मुंबईकडच्या पगारदार माणसाची स्पोर्ट्स कार म्हणजे चाकणला बनलेली पोलो जीटी टीएसआय, नाहीतर अबार्थ पुंटो, आणि खिसा मोठा असेल तर ऑक्टाव्हिया व्हीआरएस. पोलो २०२२ मध्ये बंद झाली, म्हणजे रस्त्यावरच्या सगळ्याच पोलो आता जुन्या होत चालल्यात, शॉकअप थकलेत, बुश (जोडांमधली रबरं) फाटलेत, आणि मालकाला वाटतं की पसरणी घाटात गाडी डुलते म्हणजे गाडी खाली बसवणाऱ्या लोअरिंग स्प्रिंग टाकायची वेळ आली. घोळ इथूनच सुरू होतो.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. गाडी वळणात कमी झुकली म्हणजे तिची पकड वाढली असं अजिबात नाही. पकड देतो टायर, आणि सस्पेन्शनचं काम एवढंच की तो टायर खड्डा-उंचवटा काहीही आला तरी रस्त्याला टेकलेला ठेवायचा. गुळगुळीत ट्रॅकवर कडक गाडी चालते कारण तिथे रस्ता साथ देतो. ताम्हिणीत ऐन वळणात डांबर उखडलेलं असतं तिथे तीच कडक गाडी उड्या मारत बाहेर सरकते, कारण हवेतल्या टायरला पकड शून्य असते.

टायर सोडून बाकी सगळं बदलणं

पन्नास-साठ हजार सस्पेन्शनवर घालायची तयारी असते पण टायर सहा वर्षांचे, कारण "नक्षी आहे अजून". टायरच्या साइडवर चार आकडी कोड असतो तो वाचा, २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. रबर कडक झालं की नक्षी कितीही शिल्लक असली तरी ओल्या घाटात ती कामाची नाही. स्टॉक १८५/६० आर१५ च्या जागी त्याच रिमवर चांगल्या ग्रिपचा १९५/५५ आर१५ टाकला तर बाहेरचा व्यास जेमतेम सव्वा टक्क्याने कमी होतो, स्पीडोमीटरचा काही लोचा होत नाही, आणि फरक पहिल्याच वळणात कळतो. हवा गाडी थंड असताना चेक करा, पंपापर्यंत दहा किलोमीटर हाणत जाऊन नाही.

थकलेल्या सामानावर नवं सामान चढवणं

गाडी डुलतेय, ब्रेकला नाक खाली जातंय, तर आधी शॉकअपला तेल गळतंय का बघा. लोअर आर्मचा (चाकाला खालून गाडीशी जोडणाऱ्या दांड्याचा) मागचा बुश, स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअपची एकत्र जोडणी) जिथे वर बसतो तो माउंट, लिंक रॉड, बॉल जॉइंट हे सगळं जॅकवर घेऊन हलवून बघा. माझं मत विचाराल तर निम्म्या लोकांना अपग्रेड नकोच असतं, त्यांना नवीन असताना गाडी जशी होती तशी परत हवी असते, आणि ते चांगल्या कंपनीचे चार नवे शॉकअप, माउंट, बुश टाकून होतं. शॉकअप बदलायचा तर ॲक्सलवरचे दोन्ही बदला, एकच बदलून पैसे वाचवू नका. आणि स्ट्रट उतरवलाच आहे तर माउंट, बेअरिंग, बंप स्टॉप (शॉकअपचा प्रवास संपतो तिथला रबरी ठोकळा) नवे टाका, नाहीतर महिन्याभरात तीच मजुरी परत.

गाडी जमिनीला टेकवली की वळते भारी, हा गैरसमज

यावर जरा थांबून बोलायला हवं कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. पोलोला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे. गाडी ४०-५० मिमी खाली बसवली की लोअर आर्मचं बाहेरचं टोक वर जातं, आणि रोल सेंटर नावाचं जे काल्पनिक केंद्र असतं ते गाडीच्या वजनाच्या केंद्रापेक्षा जास्त झपाट्याने खाली जातं. म्हणजे दोघांमधलं अंतर वाढलं, म्हणजे झुकवणारी तरफ लांब झाली, म्हणजे गाडी खाली आली तरी तिला झुकायला जास्त जोर मिळाला, तुम्ही स्प्रिंग कडक करून तो जोर फक्त झाकून टाकता. शिवाय आर्मचा कोन बिघडल्यामुळे वळणात बाहेरचं चाक दबताना त्याला जो निगेटिव्ह कॅम्बर, म्हणजे चाकाच्या वरच्या कडेचा आतला कल, मिळायला हवा तो मिळत नाही आणि टायर बाहेरच्या कडेवर घासत राहतो.

त्यात शॉकअपचा प्रवास, म्हणजे वर-खाली हलायची जागा, उरतो थोडासा. वळणात गाडी झुकली, त्यातच खड्डा आला, शॉकअप बंप स्टॉपवर आदळला, की त्या चाकाचा कडकपणा एका क्षणात कित्येक पट वाढतो आणि पुढचा भाग सरळ बाहेर निघतो. लोक म्हणतात टायरने दगा दिला. टायरने नाही दिला, प्रवास संपला होता.

आणि आपले स्पीडब्रेकर! इंडियन रोड काँग्रेसच्या मानकात स्पीडब्रेकर १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद, म्हणजे त्यावर अख्खी पोलो आरामात चढून उतरेल असा चढ. प्रत्यक्षात गावागावात रातोरात उगवतात ते उंचीला तेवढेच किंवा जास्त आणि रुंदीला हातभर. पोलोचा ग्राउंड क्लिअरन्स साधारण १६५ मिमी, त्यातून ४० गेले, मागे दोन माणसं बसली, की तळ घासणार म्हणजे घासणार. रस्त्यावरची गाडी २०-२५ मिमी खाली घेतली तरी पुरे, त्याहून जास्त खाली घेतलीत तर ते दिसण्यासाठी आहे हे तरी स्वतःशी कबूल करा.

स्प्रिंग कापून घेणं हा तर विषयच नको. कापलेली स्प्रिंग कडक होते पण शॉकअप तोच राहतो, त्याला ती आवरत नाही, आणि चाक पूर्ण लटकलं की स्प्रिंग जागेवरून निसटू शकते. वेटोळ्यांत बसवायचे रबरी बफरही तसलेच, तेवढा भाग मुका होतो आणि सगळा ताण उरलेल्या वेटोळ्यांवर येतो.

कॉइलओव्हर आणले आणि सगळे क्लिक टाइट

कॉइलओव्हर म्हणजे उंची आणि बऱ्याचदा कडकपणाही बदलता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा जोड. त्यात डॅम्पिंगचा (शॉकअप किती कडक राहील त्याचा) खटका आहे म्हणून तो शेवटपर्यंत फिरवायचा असं नसतं. अगदी मऊपासून सुरुवात करा, ओळखीच्या खराब रस्त्यावर चालवा, दोन-दोन क्लिक वाढवत जा, गाडी उसळल्यावर एकदाच खाली येऊन शांत बसते तिथे थांबा. छोट्या खडबडीवर गाडी थरथरायला लागली की तुम्ही पुढे गेलात, मागे या. उंची कमी-जास्त करायला काही किटमध्ये खालची बॉडी फिरवायची असते आणि स्प्रिंगखालची रिंग फक्त स्प्रिंगला ताण द्यायला, ती फिरवून उंची साधायला गेलात तर प्रवासाचं गणित बिघडतं. कोकणात राहत असाल तर थ्रेडवर ग्रीस किंवा अँटीसीझ लावा, दोन पावसाळ्यांत रिंग अशी गच्च बसते की हातोडी-छिन्नी लागते.

मागचा जाड अँटीरोल बार

फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडी वळणात नाक बाहेर टाकते, त्यावर खरंच काम करणारा आणि राइड फारशी न बिघडवणारा उपाय म्हणजे मागचा अँटीरोल बार, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडून गाडीचं झुकणं रोखणारी सळई, मला स्वतःला हा सगळ्यात पटतो. पण पोलोला मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागच्या चाकांना जोडणारी पीळ घेणारी आडवी तुळई) आहे, त्यावर अति कडक बार लावला की वळणात अचानक ॲक्सिलरेटर सोडल्यावर मागचा भाग फिरायला बघतो. मे महिन्यात मजा वाटते, जुलैमध्ये शेवाळलेल्या वळणावर मजा वाटत नाही. ॲडजस्टेबल असेल तर पावसाळाभर मऊ भोकात ठेवा. बॉनेटखाली दोन स्ट्रटची डोकी जोडणाऱ्या चकचकीत स्ट्रट ब्रेसबद्दल एवढंच की फोटोत छान दिसतो.

लटकत्या चाकांवर बोल्ट आवळणं

ही चूक गॅरेजमध्ये होते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. गाडी लिफ्टवर, चाकं लटकलेली, आणि लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट तिथेच गच्च आवळले. रबरी बुश त्या लटकत्या स्थितीत पकडला गेला, आता गाडी खाली आली की तो कायम पिळलेला राहणार, राइड कडक वाटणार आणि बुश काही महिन्यांत फाटणार. बोल्ट नुसते बसवून घ्यायचे, गाडी चाकांवर किंवा रॅम्पवर उभी करायची, आणि मग टॉर्क रेंचने आवळायचे. मागच्या बीमच्या बुशलाही हेच लागू. ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर आपापल्या क्लिपमध्ये परत बसली का तेही बघा, स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून. एकदाच वापरायचे बोल्ट असतात ते नवेच घ्या, त्यात शंभर-दोनशे वाचवण्यात काय पॉइंट आहे?

अलाइनमेंटला "टो करून देतो साहेब"

उंची बदलली की टो (वरून बघितलं तर चाकांची तोंडं आत की बाहेर वळलीत ते) आणि कॅम्बर दोन्ही बदलतात. कोपऱ्यावरचा अलाइनमेंटवाला टो मारून देतो, कॅम्बरचं विचारलं की "याला ॲडजस्टमेंट नाही" म्हणतो, आणि बऱ्याच गाड्यांत ते खरंही असतं, त्यासाठी कॅम्बर बोल्ट किंवा कॅम्बर प्लेट वेगळी लागते. घाटासाठी पुढे एक ते दीड डिग्री निगेटिव्ह कॅम्बर आणि टो जवळपास शून्य, एवढ्याने रोजच्या गाडीचं भागतं. नव्या स्प्रिंग तीन-चारशे किलोमीटरमध्ये थोड्या बसतात, म्हणून एक अलाइनमेंट लगेच आणि एक त्यानंतर. प्रिंटआउट मागून घ्या, आधीचा आणि नंतरचा.

काम झाल्यावर आवाज किंवा त्रास येतोय?

हळू वेगात छोट्या खड्ड्यात खडखड आली तर आधी लिंक रॉड, मग स्ट्रटचा वरचा नट. उभ्या गाडीत स्टीअरिंग फिरवताना टण्ण आवाज आला तर स्प्रिंग बैठकीत नीट बसली नाही किंवा माउंटचं बेअरिंग गेलंय. हायवेला गाडी इकडेतिकडे भरकटते तर टो तपासा. टायर फक्त आतल्या कडेला झिजतोय तर कॅम्बरच्या नावाने ओरडू नका, बहुतेकदा गुन्हेगार टो-आउट, म्हणजे बाहेर वळलेली चाकांची तोंडं, असतो. एका बाजूला ओढतेय तर पुढचे टायर आपसात बदलून बघा, ओढ बाजू बदलली तर दोष टायरचा. गाडी खाली घेतल्यावर अँटीरोल बार एका बाजूला ताणलेला राहिला तर डावं आणि उजवं वळण वेगवेगळं वाटतं, त्याला ॲडजस्टेबल लिंक लागतात.

कागदांचंही बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे बदल करायला मनाई करतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. जुने स्प्रिंग आणि शॉकअप भंगारात देऊ नका, गाडी विकताना ते परत बसवावे लागतील. आणि विमा कंपनीला बदल कळवले नसतील तर क्लेमच्या वेळी सर्व्हेअर सगळ्यात आधी चाकाच्या कमानीत वाकून बघतो.