गच्चीवरच्या सेन्सरला आधी झोपायला शिकवा

समोर टॉवरचं काम चालू असलं की धूळ किती येते हे खिडकीच्या गजावर बोट फिरवूनही कळतं, पण पीएम २.५ चा (हवेतल्या अगदी बारीक धुळीचा) आकडा हवा असेल तर चार-पाच बिल्डिंगच्या गच्चीवर नोड, म्हणजे सेन्सरचे डबे, लावून स्वतःचं छोटं नेटवर्क करता येतं. सामान मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळून जातं: ईएसपी३२ (सगळं चालवणारा छोटा बोर्ड), पीएमएस५००३ धुळीचा सेन्सर, दमटपणासाठी एसएचटी३१, लोरा मॉड्यूल (कमी बॅटरीत लांबवर पाठवणारा रेडिओ) आणि १८६५० लिथियम सेल. मॉड्यूल ४३३ मेगाहर्ट्झवालं उचलू नका, आपल्याकडे ८६५-८६७ मेगाहर्ट्झला लायसन लागत नाही, तेच घ्या आणि अँटेनाही त्याचाच.

आता कोड. खरी मारामारी बॅटरीची आहे. पीएमएसचा पंखा फिरत असताना ५ व्होल्टला १०० मिलीअँपिअरपर्यंत खातो, सतत चालू ठेवलात तर २५०० एमएएचचा सेल एक दिवसही टिकत नाही. म्हणून १५ मिनिटांनी उठवायचं, पहिली ३० सेकंद जे आकडे येतील ते सरळ फेकून द्यायचे (पंखा स्थिर व्हायला तेवढा वेळ लागतो), मग दहाएक रीडिंग घेऊन मधलं ठेवायचं, पाठवायचं आणि परत डीप स्लीप, म्हणजे बोर्डाची गाढ झोप. असं केलं की तोच सेल आठ-दहा दिवस जातो. जुलैत ऊन दिसत नाही, त्यामुळे सोलर लावलं तरी बॅटरी मोठीच ठेवा.

सेन्सर एका वेळी पाठवतो ती फ्रेम ३२ बाइटची, शेवटचे दोन बाइट चेकसम (आकडे वाटेत बिघडले नाहीत ना हे बघायची बेरीज), तो तपासाच. आणि त्यात पीएम २.५ दोनदा येतं, एक फॅक्टरी सेटिंगचं आणि एक बाहेरच्या हवेसाठीचं. मी महिनाभर चुकीचं वाचत होतो 😅

पाठवताना जेसन (लांबलचक मजकुराचा फॉरमॅट) नको, ८-१० बाइटमधे सगळं बसतं: नोड नंबर, अनुक्रमांक, पीएम, तापमान, दमटपणा, व्होल्टेज. सगळे नोड बरोब्बर सव्वाला उठले तर हवेत एकमेकांवर आदळतात, म्हणून प्रत्येकाला थोडा रँडम उशीर द्या. गेटवेकडून (सगळ्या नोडचं ऐकून सर्व्हरला पाठवणारा डबा) पोचपावती आली नाही तर रीडिंग झोपेतही टिकणाऱ्या आरटीसी मेमरीत ठेवून पुढच्या वेळी पाठवायचं, तीच रीडिंग दोनदा आली तर सर्व्हर अनुक्रमांक बघून एक टाकून देईल.

पावसाळ्यात आकडा उगाच फुगतो बरं का. हा सेन्सर उजेड किती विखुरतो त्यावरून धूळ मोजतो आणि दमट हवेत कण पाणी पिऊन मोठे होतात, मग पाऊस पडून हवा धुतली गेली तरी ग्राफ वरच. यावर फॉर्म्युले आहेत पण ते नोडमधे घालू नका, कच्चा आकडाच पाठवा आणि दुरुस्ती सर्व्हरवर करा, नाहीतर फॉर्म्युला बदलला की पाच गच्च्यांच्या चाव्या मागत फिरा. लावायच्या आधी सगळे नोड आठवडाभर एकाच गच्चीवर शेजारी-शेजारी ठेवून कोण किती जास्त दाखवतो ते लिहून ठेवा.

डबा उलटा, तोंड खाली, तोंडाला बारीक जाळी, आणि वर उतरता पत्रा, सपाट ठेवलात तर कबूतर संसार थाटतं.

आमचा गेटवे एका काकांच्या घरी होता, ते गणपतीला गावी गेले आणि जाताना मेन स्विचच बंद केला. नोडनी जमेल तेवढं साठवलं, बाकी गेलं. तेव्हापासून गेटवेला छोटा यूपीएस आहे, आणि तासभर काही आलं नाही की मला मेसेज येतो.