नागपूरकरांनो, सेशेल्समध्ये कॅटमरान अशी बुक करा

ग्रुपमधले बरेच जण विचारून राहिले म्हणून लिहितो. आपण अंबाझरी-फुटाळा तलावांवर वाढलेली माणसं, त्यामुळे बेअरबोट म्हणजे नुसती बोट भाड्याने घेऊन स्वतः चालवायची भानगड नको, त्याला सेलिंगचं सर्टिफिकेट आणि अनुभव लागतो, सरळ स्किपर म्हणजे बोट चालवणाऱ्या कप्तानासकट घ्या, फक्त एक केबिन त्याच्यासाठी धरा. कॅटमरान म्हणजे दोन हल (पाण्यावर तरंगणारे बोटीचे सांगाडे) असलेली शिडाची बोट, म्हणून ती एका बाजूला फारशी कलत नाही, आईबाबा सोबत असतील तर हीच बरी, आणि बोटीचा तळ पाण्यात कमी बुडत असल्यामुळे किनाऱ्याच्या बऱ्याच जवळ नांगर टाकता येतो.

वेळ एप्रिल किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर, तेव्हा वारे बदलत असतात आणि समुद्र त्यातल्या त्यात शांत. मे ते सप्टेंबर आग्नेयेचा वारा जोरात, पहिल्यांदाच जाणाऱ्याने टाळावं असं माझं स्पष्ट मत. सेशेल्सच्या माहे या मुख्य बेटावरून निघायचं, प्रालँ, ला दिग ही बेटं करत सात दिवसांत परत.

पैसे भरण्याआधी विचारा, डिपॉझिट किती, डिझेल-पाणी-स्किपरचं जेवण कोणाकडे? बोट ताब्यात घेताना तिच्यावरच्या प्रत्येक ओरखड्याचा व्हिडिओ काढा, हे विसरूच नका बाप्पा! कडक सुटकेस नको, घडी होणाऱ्या बॅगा. सावजी मसाला सीलबंद न्या.