डॅप्सोन चालू आहे? मग या चुका टाळा

डॅप्सोनची गोळी आपल्याकडे कुष्ठरोगाच्या एमडीटीमुळे, म्हणजे अनेक औषधं एकत्र देण्याच्या उपचारामुळे, माहीत आहे. मोठ्या माणसाला रोज १०० मिलिग्रॅम. त्वचेच्या इतर काही आजारांवरही ती देतात. गोळी गुणाची आहे, मनाने बंद करू नका. पण ती हिमोग्लोबिनमधलं लोह असं बदलते की त्याला प्राणवायू धरता येत नाही. हाच मेथहिमोग्लोबिनेमिया. एरवी शरीर ते निभावून नेतं. त्यात याच गुणाचं दुसरं औषध शरीरात गेलं, की अवघड होतं.

सगळ्यात जास्त विसरतं ते मलम. लेझरआधी त्वचा बधिर करायला जे लावतात, त्यात बऱ्याचदा प्रायलोकेन असतं, तेही याच गुणाचं. दोन्ही पायांना जाड थर, वरून प्लास्टिक, तासभर तसंच. एवढं औषध रक्तात उतरतं. लावणारी गोळ्यांचं विचारत नाही आणि आपल्यालाही मलम म्हणजे औषध वाटत नाही.

लघवीच्या जळजळीवर घरात उरलेली को-ट्रायमॉक्साझोल ही जंतुनाशक गोळी घेऊ नका. त्यातलं ट्रायमेथोप्रिम डॅप्सोनची रक्तातली पातळी वाढवतं. मलेरियाचं प्रायमाक्वीनही याच गुणाचं. गडचिरोलीत कुष्ठरोग आणि मलेरिया दोन्ही आहेत, तिथे ताप आला तर एमडीटीचं पान आधी दाखवा.

एक चूक फार घातक. एमडीटीतल्या क्लोफाझिमीनने कातडी काळवंडते, म्हणून ओठ निळे पडले तरी घरचे म्हणतात, "गोळ्यांचाच रंग." क्लोफाझिमीनचा रंग हळूहळू, कित्येक आठवड्यांत चढतो. ओठ-नखं निळसर, डोकं ठणकतंय, चालताना दम लागतोय, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

अशा वेळी ऑक्सिमीटर ८५ च्या आसपास अडकतो आणि प्राणवायू लावूनही फारसा हलत नाही. मशीन बिघडलं म्हणून सेल बदलत बसू नका. आकडा ८५ आहे म्हणून धीरही धरू नका, खरी स्थिती त्याहून वाईट असू शकते. पांढऱ्या गॉझवर टिपलेला रक्ताचा थेंब चॉकलेटी दिसतो आणि हवेत ठेवला तरी लाल होत नाही. बिघडलेल्या हिमोग्लोबिनचं नेमकं प्रमाण को-ऑक्सिमेट्री या रक्ताच्या तपासणीने कळतं.

उतारा मेथिलीन ब्लूचा, शिरेतून. पण जी-सिक्स-पी-डी (तांबड्या पेशींना जपणारं एन्झाइम) कमी असलेल्यांना तो अपायकारक ठरतो, आणि सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिनसारख्या नैराश्याच्या गोळ्यांशी त्याचं वाकडं आहे. संकोचापायी या गोळ्या लपवल्या जातात. निघताना घरातली गोळ्यांची सगळी पानं आणि मलमाची ट्यूबसुद्धा एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा.