रोबो बिघडला की आधी कोड उघडू नका

कॉलेजच्या रोबोटिक्स लॅबमध्ये नवीन आलेला मुलगा दुसऱ्याच दिवशी विचारतो, "सर, न्यूरल नेटवर्कचं काम कधी देणार?" समोर रोबो मात्र प्रत्येक वळणावर रीस्टार्ट होत असतो. आमच्या टीमने अशाच एका रोबोच्या कोडमध्ये अख्खा आठवडा घालवला होता. कोड ठणठणीत होता, दोष वीजपुरवठ्यात होता.

मोटर सुरू होताना किंवा चाक अडकल्यावर नेहमीपेक्षा कितीतरी पट करंट ओढते. कंट्रोलर, म्हणजे रोबोला चालवणारा बोर्ड, त्याच लाइनवर असेल तर व्होल्टेज क्षणभर कोसळतं आणि तो रीसेट होतो. हे इतक्या झटक्यात होतं की साध्या मल्टिमीटरला पत्ताच लागत नाही. व्होल्टेजचा क्षणाक्षणाचा आलेख दाखवणारा ऑसिलोस्कोप लावा, लगेच दिसेल. कंट्रोलरला वेगळा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज कमी करून देणारं सर्किट) द्या, पण ग्राउंड, म्हणजे सगळ्यांची वजा बाजू, मात्र एकच ठेवा. ग्राउंड जोडायला विसरलात तर सेन्सर काहीही आकडे दाखवतात आणि दोष पुन्हा बिचाऱ्या कोडवर जातो. एल२९८एन हा मोटर चालवणारा स्वस्त ड्रायव्हर स्वतःच साधारण २ व्होल्ट खातो, त्यामुळे '१२ व्होल्टची मोटर एवढी हळू का?' याचं उत्तर बरेचदा तिथेच सापडतं. तीन सेलची लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी पूर्ण भरल्यावर १२.६ व्होल्ट दाखवते. सेलमागे ३.५ व्होल्टच्या आसपास आली की थांबा. फुगलेली बॅटरी 'आजच्या डेमोपुरती' अजिबात वापरायची नाही.

रास्पबेरी पाय या छोट्या संगणक-बोर्डच्या पिना ३.३ व्होल्टच्या. एचसी-एसआर०४ या अंतर मोजणाऱ्या सेन्सरच्या इको पिनचा ५ व्होल्टचा सिग्नल थेट जोडला तर बोर्ड जाऊ शकतो. १ आणि २ किलो-ओमच्या दोन रेझिस्टरांचा, व्होल्टेज कमी करणारा डिव्हायडर लावला की काम झालं.

आता खरा छळवाद: घड्याळ. रास्पबेरी पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळच नाही. लॅबमध्ये इंटरनेटवरून वेळ जुळते, पण मैदानावर नेट नसतं. मग लॅपटॉप आणि पाय यांच्या वेळा जुळत नाहीत, आरओएस या रोबोच्या सॉफ्टवेअरमधलं टीएफ (कुठला भाग कधी कुठे होता याचा हिशोब ठेवणारा भाग) 'एक्स्ट्रापोलेशन'ची, म्हणजे त्या वेळेची माहितीच नसल्याची, तक्रार करतं, रोबोने बनवलेला नकाशा थरथरायला लागतो आणि मुलं लायडार (लेझरने अंतर मोजणारा सेन्सर) बदलायला निघतात. लॅपटॉपला क्रोनी या वेळ जुळवणाऱ्या प्रोग्रॅमचा सर्व्हर करा, पायला त्याच्याकडून वेळ घ्यायला लावा.

एकाच वायफायवर दोन गट काम करत असतील तर एका गटाने आरओएस २ चा डोमेन आयडी (कुठल्या गटाचे संदेश ऐकायचे ते ठरवणारा क्रमांक) बदला. न बदलल्यास तो दोघांचाही शून्यच राहतो आणि टॉपिकचं, म्हणजे संदेशाच्या वाहिनीचं, नावही तेच असलं की तुमच्या आज्ञेवर शेजाऱ्याचा रोबो धावतो. बघायला मजा येते, रोबो टेबलावर नसेल तर.

मॉडेल ट्रेन करणाऱ्यांची आवडती चूक म्हणजे एकाच व्हिडिओच्या फ्रेम्स पिसून थोड्या ट्रेनिंगला, थोड्या टेस्टला देणं. शेजारच्या फ्रेम्स जवळपास सारख्याच असतात, म्हणजे पेपर आधीच फुटलेला. टक्केवारी झकास येते आणि दुसऱ्या कॉरिडॉरमध्ये रोबो थेट भिंतीवर. ट्रेनिंग आणि टेस्टसाठी रेकॉर्डिंगचे दिवस आणि जागा वेगळ्या ठेवा.

एक चूक माणसांची. २००८ साली पुण्यात झालेल्या एबीयू रोबोकॉन या कॉलेजांच्या आंतरराष्ट्रीय रोबो स्पर्धेचा विषयच 'गोविंदा' होता. दहीहंडीत हंडी फोडणारा एक, बाकी सगळे थर लावतात. कॉलेजच्या टीममध्ये मात्र प्रत्येकाला हंडीच फोडायची असते. सोल्डरिंग, झिप टाय, वायरवर लेबल ही कामं ज्युनियरच्या गळ्यात, आणि कुठली वायर कुठे जाते हे एकाच सीनियरच्या डोक्यात. तो पास होऊन गेला की रोबो भंगारात.

म्हणून सरांना भेटायला जाताना 'मला एआयमध्ये इंटरेस्ट आहे' एवढंच सांगू नका. तिथला बंद पडलेला एखादा रोबो मागून घ्या, त्याचा वायरिंगचा नकाशा कागदावर काढा आणि कुठे काय तपासलं ते तारखेसकट वहीत लिहा, फसलेले प्रयत्नसुद्धा. पुढच्या भेटीला ती वही घेऊन जा.