लेटेकमध्ये प्रत्येक प्रकरणाची स्वतंत्र संदर्भसूची

लेटेक या मजकूर-मांडणी प्रणालीत पुस्तकाच्या प्रत्येक प्रकरणाला वेगळी संदर्भसूची द्यायची असेल, तर सगळ्यात सुटसुटीत मार्ग बिबलेटेक या संदर्भ सांभाळणाऱ्या पॅकेजचा. पॅकेज घेतानाच 'रेफसेक्शन=चॅप्टर' (प्रत्येक प्रकरण म्हणजे संदर्भांचा स्वतंत्र विभाग) हा पर्याय द्या आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी 'प्रिंटबिब्लिओग्राफी' लिहा. त्यात 'हेडिंग=सबबिब्लिओग्राफी' आवर्जून घाला. नाहीतर बुक क्लासमध्ये सूचीला प्रकरणाएवढं मोठं शीर्षक मिळतं आणि ती नव्या पानावर जाते.

मग लेटेक, बायबर (सूचीसाठी संदर्भांची माहिती तयार करणारा प्रोग्रॅम) आणि पुन्हा दोनदा लेटेक चालवा. सूची रिकामी आली, तर बहुतेक वेळा बायबर चालवायचं राहिलेलं असतं. बायबरऐवजी त्याच कामाचा जुना प्रोग्रॅम बिबटेक वापरत असाल, तर प्रत्येक प्रकरणासाठी वेगळी ऑक्स (.aux) ही मधली फाइल बनते आणि त्या प्रत्येकीवर बिबटेक चालवावं लागतं. म्हणून बायबरच बरा.

अंकशैलीत (संदर्भ [१], [२] असे दाखवणाऱ्या शैलीत) प्रत्येक प्रकरणात क्रमांक पुन्हा १ पासून सुरू होतात. म्हणजे एकच ग्रंथ दुसऱ्या प्रकरणात [३] आणि पाचव्यात [१] असू शकतो. हे चालणार नसेल, तर 'रेफसेक्शन'ऐवजी 'रेफसेगमेंट' घ्या: क्रमांक संपूर्ण पुस्तकात सलग राहतात, फक्त सूची छापताना चालू सेगमेंटची चाळणी लावावी लागते.

प्रस्तावना आणि उपसंहार जपा. तारांकित चॅप्टरने (क्रमांक नसलेल्या प्रकरणाच्या आज्ञेने) नवा विभाग सुरू होत नाही. त्यामुळे शेवटच्या तारांकित उपसंहारातले संदर्भ गुपचूप आधीच्या प्रकरणाच्या सूचीत जातात. तिथे 'न्यूरेफसेक्शन' हाताने लिहा.